छातीतील गोल छाया : ओळख पटण्याचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला आठवीत शरीरशास्त्र शिकविले. फळ्यावर श्वासनलिका काढताना ते तिला उलटे झाड म्हणत. बुंधा वर, फांद्या खाली, आणि शेवटी पानांऐवजी वायुकोश. पुढे वैद्यकाचे शिक्षण घेऊन मी याच सीमाभागात छातीच्या विकारांचा वैद्य म्हणून चाळीसहून अधिक वर्षे काम केले. बेळगावचा रुग्ण मिरजेला जातो, मिरजेचा अहवाल बेळगावात येतो, आणि दोन्हींच्या मध्ये क्ष-किरणांच्या फोटोचे पाकीट एस.टी.च्या फळीवर प्रवास करते, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आजचा विषय निवडताना मला फार शोधावे लागले नाही.

विषय एका छायेचा आहे. छातीच्या फोटोत, दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात किंवा एखाद्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात, लिंबाएवढी, कधी मोसंब्याएवढी, कंपासने काढल्यासारखी गोल छाया दिसते. ही जन्मापासूनची निरुपद्रवी पिशवी असू शकते. क्षयाने सुजलेली गाठ असू शकते. कुत्र्याच्या पोटातील कृमीपासून झालेली पाण्याची गाठ असू शकते. पू भरलेले गळू, महारोहिणीला आलेला फुगा, अथवा कर्करोगही असू शकतो. फोटोत हे सारे जवळजवळ एकसारखे. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध. एकीला शस्त्र हवे, दुसरीला महिनोन्‌महिने औषध, तिसरीला सुईचे टोकसुद्धा लागता कामा नये. म्हणून त्या छायेला योग्य नाव देणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हता व नाही. यांपैकी जी पहिली, जन्मजात पिशवी, तिला वैद्यकात ब्रॉंकोजेनिक सिस्ट म्हणतात. आपण तिला श्वासनलिकेची पुटी म्हणू. तिला इतरांपासून वेगळे ओळखावयास वैद्यकाला सुमारे दोनशे वर्षे कशी लागली, हे मला सांगावयाचे आहे.

आरंभ व्हिएन्नापासून करावा लागतो. लेओपोल्ड आउएनब्रुगर हा ग्राट्‌स गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. तळघरातील मद्याच्या पिंपावर बोटांनी ठोकून ते किती भरले आहे हे वडील ओळखत, आणि त्यावरून मुलाला कल्पना सुचली, असे सांगतात. १७६१ साली त्याने एक छोटेसे लॅटिन पुस्तक काढले आणि मनुष्याची छातीही तशीच ठोकून पाहता येते असे प्रतिपादन केले. जेथे हवा आहे तेथे पोकळ नाद, जेथे पाणी अथवा घट्ट मांस आहे तेथे बद्द आवाज. मला या माणसाविषयी विशेष आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. त्याने प्रेतांच्या छातीत पाणी भरून पुन्हा ठोकून पाहिले आणि आपला तर्क पडताळला. समकालीनांनी त्याच्याकडे दुर्लक्षच केले. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला तेव्हा कोठे युरोपाला जाग आली. आउएनब्रुगर पुढच्याच वर्षी वारला.

कोर्व्हिसारचा शिष्य लेनेक. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात हृदयविकाराने आजारी असलेल्या एका तरुण, स्थूल स्त्रीच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक छातीवर व दुसरे कानाशी धरले, ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांतही येते. पाठ्यपुस्तकात येत नाही ती गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेनेक ऐकलेले लिहून ठेवी, आणि रुग्ण दगावला की शवविच्छेदन करून लिहिलेले पडताळून पाही. त्याचा १८१९ चा ग्रंथ या जोडीतून, म्हणजे जिवंतपणीचा नाद आणि मृत्यूनंतरची शरीररचना यांच्या मेळातून, उभा राहिला. त्याने आणखी एक मोठे काम केले. क्षयाच्या नाना रूपांकडे निरनिराळे रोग म्हणून पाहिले जाई. ती सारी एकाच रोगाची रूपे आहेत असे त्याने दाखविले. पुढे त्यावर मोठे वाद झाले आणि २४ मार्च १८८२ रोजी कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हा लेनेकचे म्हणणे खरे ठरले. लेनेक स्वतः १८२६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याच क्षयाने गेला.

अनेक रूपे, रोग एक. लेनेकच्या पुढचे कोडे हे होते. आपल्या छायेचे कोडे नेमके उलट आहे : रूप एक, रोग अनेक. आणि या दुसऱ्या कोड्यापुढे बोटांची टिचकी आणि लाकडी नळी दोन्ही थिटी पडली. श्वासनलिकेची पुटी बहुधा छातीच्या अगदी गाभ्यात, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या जागेच्या आसपास दडलेली असते. पुढे उरोस्थी, मागे पाठीचा कणा, दोन्ही बाजूंना हवेने भरलेली फुप्फुसे. तेथवर ठोकण्याचा नाद पोहोचत नाही. एकोणिसाव्या शतकात या पुट्या सापडल्या त्या मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावर. कधी श्वास कोंडून मेलेल्या तान्ह्या मुलात, कधी भलत्याच कारणाने मेलेल्या म्हाताऱ्यात. त्या म्हाताऱ्याने साठ-सत्तर वर्षे ती पिशवी छातीत वागविली होती आणि त्याला तिचा पत्ताही नव्हता.

ही पिशवी येते कोठून? येथे गुरुजींच्या उलट्या झाडाकडे जावे लागेल. गर्भ चार आठवड्यांचा होतो त्या सुमारास त्याच्या आद्य अन्नमार्गाच्या पुढच्या बाजूस एक लहानसा अंकुर फुटतो. तोच पुढे श्वासनलिका, तिच्या शाखा आणि फुप्फुसे होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका या एकाच मुळाच्या बहिणी आहेत, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे. साधारण सव्विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांच्या दरम्यान या फुटणाऱ्या झाडाचा एखादा कोंब मूळ फांदीपासून तुटून बाजूला पडतो. तो लवकर तुटला तर छातीच्या मधल्या भागात राहतो, उशिरा तुटला तर वाढत्या फुप्फुसात ओढला जातो. तुटलेला कोंब मरत मात्र नाही. आपण श्वासनलिका होणार होतो हे जणू त्याला ठाऊक असते. त्याच्या भिंतीत श्वासनलिकेप्रमाणेच कूर्चेचे तुकडे तयार होतात, स्नायूंचे तंतू येतात, श्लेष्मल ग्रंथी येतात आणि आतल्या अस्तराच्या पेशींवर केसांसारखी सूक्ष्म, हलणारी लवही येते. ग्रंथी श्लेष्मा स्रवत राहतात, पण त्याला बाहेर पडावयास वाट नाही. मग कोंब फुगून पिशवी होते. आत कधी स्वच्छ पाणी, कधी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्ट, चिकट द्रव.

तान्ह्या मुलाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. तेथे सुपारीएवढी पुटीदेखील जीव घेऊ शकते. मोठ्या माणसात मात्र ती पुष्कळदा मूक असते. तिच्यात जंतुसंसर्ग झाला, ती फुटून श्वासनलिकेत उघडली, किंवा शेजारच्या अवयवावर दाब आला, म्हणजे खोकला, ताप, छातीत दुखणे, गिळताना अडखळणे सुरू होते. तोपर्यंत शांतता.

ही शांतता भंगली ती रोगामुळे नव्हे, तर एका यंत्रामुळे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्‌सबुर्ग येथे राँटगेनला क्ष-किरण सापडले. प्रथम हाडे मोडलेल्यांची आणि गोळ्या लागलेल्यांची सोय झाली, मग छातीची पाळी आली. जिवंत माणसाच्या छातीचा गाभा प्रथमच डोळ्यांना दिसू लागला. पण दिसू लागली ती वस्तू नव्हे, वस्तूची सावली. भिंतीवर हाताच्या सावलीने ससा करता येतो हे प्रत्येक मूल जाणते. क्ष-किरणांच्या काचेवरही पाणी, पू, मांस आणि रक्त यांची सावली जवळजवळ सारख्याच रंगाची पडते. शिवाय छातीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या साऱ्या वस्तू एकाच पातळीवर येऊन बसतात. पूर्वी न दिसणारी पुटी आता दिसे, पण नाव लावून येत नसे. नाव वाचणाऱ्याने द्यावयाचे. आणि वाचणारा त्या काळी ज्या रोगाच्या धास्तीत वावरत होता, त्याच रोगाचे नाव बहुधा त्याच्या तोंडी येई.

आपल्या देशात ते नाव क्षयाचे होते. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर क्षयाची नमुना पाहणी केली, तीत लोकांच्या छातीचे लहान आकाराचे फोटो काढण्यात आले. अशा सामूहिक फोटोंची युक्ती ब्राझीलच्या आब्रेऊने १९३६ मध्ये काढली होती. आपल्याकडे रोग शहरांइतकाच खेड्यांतही आहे, हे त्या पाहणीतून कळले. मात्र फोटो हा पुरावा म्हणून किती दुबळा आहे हेही त्याच सुमारास जगभरच्या अभ्यासांतून ध्यानात येत होते. एकच फोटो दोन तज्ज्ञ दोन तऱ्हांनी वाचतात, इतकेच नव्हे तर तोच तज्ज्ञ काही महिन्यांनी स्वतःचेच मत बदलतो. पुढे आपल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाने थुंकीच्या तपासणीला अग्रस्थान दिले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. थुंकीत जंतू दिसला तर तो दिसला. त्यात मतभेदाला जागा थोडी.

तरीही छायेवरून क्षय ठरविण्याची सवय सहजासहजी गेली नाही. तिची किंमत कोणी मोजली हे सांगावयास एक उदाहरण पुरे आहे. १९७४ मधील गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यातून सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. बरोबर थोरला भाऊ. दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या छातीच्या फोटोत श्वासनलिकेच्या उजवीकडे गोल छाया दिसल्यावरून क्षयाच्या गाठी असे निदान झाले होते, आणि दीड वर्ष औषध चालू होते. आरंभी तीन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई, मग गोळ्या. त्या उपचाराने तिच्या कानांत घोंघावू लागले होते, तोल जात होता. ठरलेले लग्न मोडले होते. घरात तिचे ताट-वाटी वेगळी ठेवली होती, आणि भावाच्या बोलण्यावरून कळले की तिच्या धाकट्या बहिणीलाही आता कोणी मागणी घालणार नाही अशी आईला चिंता होती. मुलीला ताप नव्हता, वजन घटले नव्हते, थुंकी अनेकदा तपासून काही निघाले नव्हते. दीड वर्षाच्या औषधाने छाया तसूभरही कमी झाली नव्हती.

मी भावाला विचारले, हिचा लहानपणी कधी फोटो काढला होता का? तो म्हणाला, सात वर्षांची असताना न्यूमोनिया झाला होता, तेव्हा मिरजेला काढला होता, ट्रंकेत असेल. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो फोटो घेऊन आला. त्यात तीच छाया, त्याच जागी, किंचित लहान. क्षयाची गाठ नऊ वर्षे एका जागी, एका आकारात, इतक्या सभ्यपणे बसून राहत नाही. ती वाढते, आटते, तिच्यात चुना साचतो, आसपासचे फुप्फुस बिघडते.

जुन्या फोटोसारखा साक्षीदार नाही, आणि आपण त्याच्याशी फार निष्ठुरपणे वागतो. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण काहींना आठवत असेल. अंकोल्याच्या किनाऱ्यावरून आत शिरलेले ते खग्रास ग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसले. त्या आठवड्यात कित्येक घरांतील छातीचे फोटो कात्रीने कापून त्यांचे चष्मे झाले. डोळ्यांनाही ते धोक्याचेच होते. माझ्या दृष्टीने मात्र प्रत्येक चष्म्याबरोबर कोणाच्या तरी निदानाचा पुरावा कापला गेला होता.

त्या मुलीला आम्ही पडद्यामागे उभे करून बेरियम प्यावयास दिले. अन्ननलिकेला एका बाजूने गुळगुळीत खळगा पडला होता, तिचे अस्तर मात्र शाबूत होते. म्हणजे दाब बाहेरून होता. ती घोट गिळे तेव्हा गोल छाया श्वासनलिकेबरोबर वर सरके आणि खाली येई. नाडीबरोबर ती फुगत नव्हती, म्हणून महारोहिणीचा फुगा असण्याचा संभव मावळला. शस्त्रक्रिया झाली. श्वासनलिकेला चिकटलेली पातळ भिंतीची पिशवी निघाली. महिन्याभराने अहवाल आला : लव असलेल्या उंच पेशींचे अस्तर, ग्रंथी, आणि कूर्चेचा एक लहानसा तुकडा. तो कूर्चेचा तुकडा म्हणजे पिशवीची जन्मपत्रिका होती. त्या मुलीचे पुढे लग्न झाले. कानांतील घोंघावणे मात्र जन्मभर राहिले.

आता ज्या दुसऱ्या गाठीशी पुटीची सर्वांत अधिक गल्लत होते, तिच्याविषयी. हायडॅटिड. हा एका चिमुकल्या पट्टकृमीचा प्रताप. कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, मेंढीच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, कापलेल्या मेंढीची आतडी-काळीज कुत्रा खातो, आणि चक्र पुरे होते. माणूस या चक्रात चुकून शिरतो. ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, उरुग्वे हे मेंढपाळांचे देश, म्हणून या रोगाचा पुष्कळ अभ्यास तेथे झाला. सिडनीच्या हॅरोल्ड ड्यू यांचा १९२८ चा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पण कळीचे संशोधन फ्रान्समधील रूआँच्या फेलिक्स देव्हे यांचे. १९०१ मध्ये त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, या गाठीतील द्रव शरीरात सांडला तर त्यातील सूक्ष्म डोकी बियांसारखी रुजतात आणि एका गाठीच्या शेकडो गाठी होतात. शिवाय तो द्रव एकदम रक्तात शोषला गेला तर तीव्र प्रतिक्रियेने रुग्ण तेथल्या तेथे दगावू शकतो.

आता विचार करा. फोटोत गोल छाया आहे. आत पाणी आहे की मांस, हे सुई घालून पाहण्याचा मोह कोणाही वैद्याला होणारच. ती श्वासनलिकेची पुटी असेल तर सुईने फारसे बिघडणार नाही. हायडॅटिड असेल तर ती सुई घातक ठरेल. म्हणजे ज्या उपायाने ओळख पटावयाची, तोच उपाय ओळख पटल्याशिवाय वापरता येत नाही. या पेचातून सुटण्यासाठी इटालियन वैद्य कासोनी यांनी १९११-१२ च्या सुमारास कातडीची परीक्षा काढली. गाठीतील निर्जंतुक द्रवाचा थेंब कातडीत टोचावयाचा आणि गांध उठते का ते पाहावयाचे. माझ्या विद्यार्थिदशेत ही परीक्षा सर्रास होई. पण निरोगी माणसाला गांध उठे आणि गाठ असलेल्याला उठत नसे, असे इतक्यांदा घडले की ती मागे पडली. तिची जागा रक्तातील प्रतिद्रव्यांच्या परीक्षांनी घेतली. फुप्फुसातील गाठींत त्याही पुष्कळदा दगा देतात.

फोटो मात्र कधी कधी स्वतःच बोलतो. हायडॅटिडच्या आतील पापुद्रा सुटून उरलेल्या पाण्यावर तरंगू लागला की फोटोत पाण्यावरच्या कमळाच्या पानांसारखी आकृती दिसते, आणि जगभरच्या पुस्तकांत तिला कमळाचेच नाव आहे. माझ्याकडे आलेल्या अशा रुग्णांत मेंढ्या राखणाऱ्या घरांतील माणसे बरीच होती. मग मी फोटो बाजूला ठेवून विचारी, कुत्री किती, आणि मेंढरू कापल्यावर काळीज कोणाला टाकता? या प्रश्नांनी मला कोणत्याही परीक्षेइतकीच मदत केली आहे. यकृतातील काही हायडॅटिड गाठींत आता औषधाच्या संरक्षणाखाली सुई घालून उपचार करतात. फुप्फुसातील गाठीला तो न्याय लावीत नाहीत.

१९४० नंतरच्या दशकात या इतिहासाने एकाएकी वेग घेतला. श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत रुळली, पेनिसिलिन आले, १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, आणि छाती उघडूनही रुग्ण जगू लागला. यापूर्वी ओळख पटे ती प्रेतात. आता ती जिवंत माणसाच्या उघड्या छातीत पटू लागली, आणि पाहता पाहता नावे पडत गेली. १९४६ मध्ये इंग्लंडात प्राइस यांनी फुप्फुसाच्या अशा एका भागाचे वर्णन केले, जो मूळ झाडापासून तुटलेला असतो आणि ज्याला रक्त फुप्फुसाच्या रोहिणीतून न मिळता थेट महारोहिणीतून मिळते. फोटोत हाही खालच्या खंडातील गोल छायेसारखा दिसतो. शस्त्रवैद्याला ही जादा रोहिणी ठाऊक नसेल आणि ती कापली गेली, तर टेबलावरच रक्ताचा पाट वाहतो. म्हणून हे नामकरण म्हणजे अक्षरशः जीव वाचविणारे होते. १९४८ मध्ये अमेरिकेत मायर यांनी श्वासनलिकेच्या पुट्यांची जागेनुसार वर्गवारी केली : श्वासनलिकेशेजारच्या, दुभागणीपाशी असलेल्या, फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या, अन्ननलिकेलगतच्या आणि उरलेल्या. ती वर्गवारी आजही उपयोगात आहे. १९४९ मध्ये चिन आणि तांग या दोघांनी अर्भकाच्या फुप्फुसाचा अख्खा खंड स्पंजासारख्या पुटकांनी भरून जाण्याच्या विकृतीला वेगळे नाव दिले. तीन-चार वर्षांत तीन निरनिराळ्या वस्तू एका गाठोड्यातून बाहेर काढून वेगळ्या ठेवल्या गेल्या.

बाकीच्या गाठी मी थोडक्यात आटोपतो. हृदयाच्या आवरणाची पुटी बहुधा उजवीकडे, हृदय आणि पडदा यांच्या कोपऱ्यात बसते व तिच्यातील द्रव झऱ्याच्या पाण्यासारखा निवळ असतो. पुढच्या भागातील गाठीत चरबी, केस किंवा दातही सापडतात, त्यांची जात वेगळी. मणक्याला चिकटलेली पुटी असेल आणि मणक्यातच जन्मजात दोष असेल, तर ती मज्जासंस्थेशी नाते सांगणारी. खरी अडचण अन्ननलिकेच्या पुटीची. मघाशी मी दोन बहिणी म्हटले त्या या. एकाच मुळापासून निघालेल्या, शेजारी शेजारी, फोटोत अभिन्न. अन्ननलिकेच्या पुटीत स्नायूंचे दोन स्पष्ट थर असतात आणि कूर्चा नसते. इतकाच काय तो भेद, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

पुढचे पर्व हाउन्सफील्डचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांच्या यंत्राने प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे काप पाहिले, आणि काही वर्षांतच छातीचेही काप पाहता येऊ लागले. सावलीवर सावली पडण्याचा दोष गेला. इतकेच नव्हे, प्रत्येक बिंदूची घनता आकड्यात मिळू लागली : पाण्याची शून्य, हवेची उणे एक हजार. आम्हांला वाटले, कोडे सुटले. शून्याच्या आसपास आकडा आला की पुटी, वर गेला की मांस. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुटीने येथेही हूल दिली. तिच्यातील द्रव प्रथिनांनी घट्ट झालेला असेल, जुने रक्त किंवा चुना त्यात मिसळलेला असेल, तर आकडा मांसाइतका चढतो आणि निरुपद्रवी पिशवी अर्बुदाचे सोंग घेते. उलट क्षयाच्या गाठीचा गाभा सडून पातळ झाला की ती पुटीचे सोंग घेते. यातून मार्ग निघाला तो शिरेतून रंगद्रव्य देऊन. अर्बुदात रक्तवाहिन्या असतात, ते उजळते. क्षयाची सडलेली गाठ कडेने कंकणासारखी उजळते. पुटीची पातळ भिंत किंचित उजळली तरी आतला द्रव जसाच्या तसा राहतो, कारण त्यात रक्तच नाही. त्यानंतर चुंबकीय तपासणी आली. तिच्या एका पद्धतीत द्रव कितीही घट्ट असला तरी लख्ख पांढरा दिसतो, आणि घनतेच्या आकड्याने केलेली फसवणूक उघडी पडते.

आज गर्भातच, मातेच्या सोनोग्राफीत, अशी पुटी दिसू शकते. श्वासनलिकेत दुर्बीण घालून तिच्या भिंतीपलीकडील गाठीत सुई घालता येते. पण श्वासनलिकेची पुटी आहे असे इतर लक्षणांवरून ठरत असेल तर ती सुई शक्यतो टाळतात, कारण शांत पुटीत तिच्यामुळे जंतू शिरल्याच्या नोंदी आहेत. लक्षणे नसलेली पुटी काढावी की नुसती पाहत राहावे, यावर शस्त्रवैद्यांत आजही एकमत नाही. पुढे संसर्ग झाला की ती आसपासच्या अवयवांना चिकटते आणि शस्त्रक्रिया अवघड होते, हे काढून टाकणाऱ्यांचे म्हणणे. सत्तर वर्षे मूक राहिलेल्या पुट्या आम्ही पाहिल्या आहेत, हे थांबणाऱ्यांचे. माझा कल तरुण रुग्णात काढण्याकडे आणि वृद्धात थांबण्याकडे आहे. त्या सोळा वर्षांच्या मुलीनंतर तो अधिक पक्का झाला.

एवढी यंत्रे येऊनही अखेरचा शब्द काचेच्या पट्टीवरचाच राहिला आहे, आणि तोही नेहमी मिळतो असे नाही. पुटीत वारंवार पू झाला असेल तर आतले लव असलेले अस्तर जळून जाते, ग्रंथी नाहीशा होतात, उरते ती नुसती व्रणाची भिंत. मग विकृतिशास्त्रज्ञ त्या भिंतीचे एकामागून एक काप काढीत कूर्चेचा तुकडा शोधीत बसतो. तो सापडला तर नाव लिहितो. दहा-वीस कापांनंतरही सापडला नाही, तर अहवालात एवढेच लिहितो की ही जुनी पुटी आहे आणि तिचे मूळ निश्चित सांगता येत नाही. असे अहवाल माझ्या संग्रहात काही आहेत, आणि त्यांवर सही करणाऱ्यांविषयी मला नेहमी भरवसा वाटत आला आहे.